साहेबांच्या केबिनमधला गारवा

मे महिन्याच्या भर दुपारी मी स्वेटर घालून समोरच्या बिऱ्हाडात जात असे, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही. "मीरा रोडला? आणि स्वेटर?" असं म्हणून माझी बहीण हसते. हसू दे बापडी. तिने समोरचे काका पाहिलेले नाहीत.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो ते नव्वदच्या जरा आधी. इमारत चार मजल्यांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या दारासमोरच काकांचं दार. मागे मिठागरं होती. खारा वारा असा यायचा की दाराच्या कड्या गंजायच्या आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं. नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, पण आमच्या बिल्डिंगमध्ये एसी होता. एकच. काकांचा.

तो त्यांनी दुकानातून आणलेला नव्हता. काका फोर्टातल्या एका कंपनीत कारकून होते. सगळी नोकरी पंख्याखाली, कागद उडू नयेत म्हणून त्यावर पेपरवेट ठेवण्यात गेली. साहेबाची सही घ्यायला केबिनमध्ये जायचं, सही होईपर्यंत गारव्यात उभं राहायचं, की परत घामात. "साहेब सही करायला वेळ लावायचे तेव्हा इतर लोक चिडायचे," काका सांगायचे, "मी देवाकडे मागायचो, की पेनातली शाई संपू दे." काका रिटायर झाले त्याच सुमाराला कंपनीने जुने एसी काढून विकले. काकांनी नेमका साहेबांच्या केबिनमधलाच उचलला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जागा रिकामी असताना हा माणूस मागे एसीला मिठी मारून फोर्टापासून मीरा रोडपर्यंत आला. उतरले तेव्हा केसांत ही एवढी धूळ, आणि चेहरा नवरदेवाचा.

बेडरूमच्या खिडकीत तो बसवला. काकूंनी ओवाळला, नारळ फोडला, जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आम्हा सगळ्यांना पेढे मिळाले. आणि दुसऱ्या दिवशी एसी बंद झाला. बिघडला नव्हता हो. काकांनी बंद केला. आधी जाड प्लॅस्टिक गुंडाळलं, त्याला सुतळी बांधली, वर काकूंकडून मरून मखमलीचं टिकल्या लावलेलं कव्हर शिवून घेतलं. का, तर एसी पाहुण्यांसाठी.

"वस्तू वापरली की संपते," हे काकांचं ब्रह्मवाक्य. नवा टॉवेल पाहुण्यांना, चांगला साबण पाहुण्यांना, सोफ्यावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच. उन्हाळ्यात त्यावरून उठताना चर्रकन आवाज यायचा आणि आपली चामडी सोफ्यालाच राहिली की काय असं वाटायचं. काकू एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "आमच्या घरात गारवा पाहुण्यांचा आणि घाम माझा."

पण पाहुणा आला, की सोहळा बघावा. काका सुतळी सोडायचे. एसी सुरू करून थोडा वेळ दार लोटून ठेवायचे, "मुरू दे, मुरू दे" म्हणायचे. मग पाहुण्याला दारापाशी उभं करायचे, दार वीतभर उघडायचे आणि पाठीत हात घालून "पटकन, पटकन! गारवा जातोय!" करत आत ढकलायचे. जाड माणसांची फार पंचाईत व्हायची. आत खुंटीवर शाली टांगलेल्या. ज्याने शाल घेतली नाही त्याच्याबद्दल काकांचं मत कायमचं वाईट व्हायचं, म्हणून मी आपली घरूनच स्वेटर घालून निघे. चहा मिळायचा नाही, कारण वाफेचा मशीनला त्रास होतो. कोकम सरबत मिळायचं. आणि मग डोळे मिटून, छाती भरून श्वास घेत काका म्हणायचे, "वास येतोय ना?"

यायचा. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या गोधडीला येतो तसला कोंदट वास.

"एसीचा वास," काका सांगायचे. "थंडीला असा वास असतो. साहेबांच्या केबिनमध्ये हाच यायचा. दार उघडलं की आधी हा वास, मग गारवा." ह्या वासात दुसरा वास मिसळू नये म्हणून त्या खोलीत उदबत्तीलासुद्धा बंदी होती.

आता मी तोंडाची फटकळ. सकाळच्या शाळेत पोरांना शिकवून शिकवून जीभ तशीच झालीये. पण काकांना मी बरीच वर्षं काही बोलले नाही, त्याला कारण आहे. एकदा एप्रिलमध्ये मी घरात पेपर तपासत बसले होते. पंखा लावला तर पेपर उडतात, नाही लावला तर घाम उत्तरांवर टपकतो. उघड्या दारातून काकांनी ते पाहिलं. न विचारता माझा गठ्ठा उचलला, एसीच्या खोलीत टेबलावर ठेवला, काकूंचा स्वेटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरांचं भवितव्य आहे. गार डोक्याने मार्क द्या." पेपर संपेपर्यंत रोज दुपारी मी तिथे बसायचे आणि हा माणूस बाहेर उकाड्यात, बनियनवर, कुणी बेल वाजवू नये म्हणून दाराशी राखण करत. अशा माणसाला काय बोलणार?

काकांना एकच मुलगी, नीलू. तिने भाईंदरच्या हितेशशी रजिस्टर लग्न केलं. हितेश गुजराती, वेस्टला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मुलगा सोन्यासारखा, पण काकांना ही बातमी नीलूकडून कळली नाही, बाजारात दुसऱ्याच कुणाकडून कळली. ते त्यांना फार लागलं. "मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो?" ते म्हणायचे. काकू आतून म्हणायच्या, "म्हणाला असतात." दोन वर्षं बाप-लेकीचं बोलणं बंद. मग नीलूला दिवस गेले आणि काकूंनी पहिल्यांदा आवाज चढवला: बाळंतपण इथेच होणार, आणि ते न चालणाऱ्याने मिठागरावर जाऊन राहावं.

नीलू आली. काका लेकीशी चार शब्द धड बोलले नाहीत, पण बाळ घेऊन ती हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवशी त्यांनी मखमलीचं कव्हर काढलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि एसी सुरू केला. रात्रंदिवस. ऑक्टोबरचा उकाडा होता. अख्खी बिल्डिंग भाजत होती आणि ती चार दिवसांची पोर थंडगार खोलीत झोपत होती. रोज सकाळी काका आत जायचे, एसीच्या जाळीसमोर हात धरून बघायचे आणि बाहेर यायचे.

आणि हितेश? तो रोज संध्याकाळी दुकानातून स्कूटरवर यायचा आणि खाली गेटपाशी उभा राहायचा. वर यायची सोय नव्हती. नीलू पोरीला दुपट्यात गुंडाळून खाली न्यायची, बाप तिला घटकाभर घ्यायचा आणि परत द्यायचा. मी जिन्याच्या खिडकीतून बघायचे. काकू रोज म्हणायच्या, "अहो, पोरीच्या बापाला वर बोलवा." काकांचं ठरलेलं उत्तर, "बोलावू की. पहिल्यांदा यायचाय जावई. रीतसर बोलावू, मानाने बोलावू. घाई काय आहे?"

पोर खोकायला लागली. आधी बारीक, मग छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे, पण घरात कुठे ओल आहे का तेवढं बघा. "ओल? माझ्या घरात?" काका भडकले. घरी येऊन त्यांनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली जाजम दुमडून लावलं. मिठागरावरचा खारा वारा आत येतो, तोच बाधतो, असा त्यांचा निष्कर्ष. स्टेशनजवळच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने लांबूनच जाळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गॅस कम है, अंकल." तो आमच्या फ्रिजलाही हेच म्हणाला होता, आणि माझ्या नवऱ्याची खात्री होती की तो मिक्सरलाही हेच म्हणेल.

मी एकदा पोरीला बघायला आत गेले आणि त्या वासाने माझाच घसा धरला. न राहवून म्हटलं, "काका, हा थंडीचा वास नाही. बुरशीचा आहे. पावसाळाभर तुम्ही त्याला प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलं होतंत, आतून नासला असेल."

काका ताडकन उठले. "बुरशी? साहेबांच्या एसीला? अहो, बुरशीचं काय सांगता, तुमच्या बोंबलांचा वास येतो तो माझ्या घरात! बुधवार, शुक्रवार, रविवार!"

"बोंबलाने पोर खोकत नाही, काका. माझी दोन्ही पोरं त्यावरच वाढलीत."

आमचं बोलणं बंद झालं. समोरासमोरची दारं, आणि दूध घ्यायला दोघं एकदम बाहेर आलो की दोघंही दुधवाल्याकडेच बघायचो.

मग ट्रान्सफॉर्मर उडाला. दीड-दोन दिवस वीज नाही. लोक गेटवर जमून शिव्या घालत होते. आमच्या गॅलरीत मागच्या बाजूचा वारा यायचा, म्हणून काकू पोरीला आमच्याकडे घेऊन आल्या. खाली गोधडी, वर उघडी खिडकी, मिठागरावरून येणारा तोच बदनाम वारा. आणि काय सांगू, पोर जी झोपली! घरघर नाही, खोकला नाही. नीलू तिच्या छातीला कान लावून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही कळलं होतं. वीज आली, सगळी बिल्डिंग "आली रे" म्हणून ओरडली, काका लगबगीने येऊन पोरीला घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समोरून पुन्हा खोकला ऐकू यायला लागला.

नीलू माझ्या दारात आली. हातात पिशवी होती, तिच्यात बाळाचे कपडे.

"मी उद्या भाईंदरला जाते, वहिनी. बाबांना सांगितलंय, सासूबाईंना बरं नाही म्हणून."

"खरंच बरं नाही?"

"ठणठणीत आहेत."

"मग खोटं कशाला? सांग ना त्यांना, तुमच्या एसीने पोर आजारी पडतेय."

तिचे डोळे भरून आले. "कसं सांगू? दोन वर्षांनी घरात घेतलंय त्यांनी मला. तोंडाने 'ये' म्हणाले नाहीत, पण माझ्यासाठी ते कव्हर काढलं. लग्नाआधी मला ह्याच घरात ताप आलेला असताना ते काढलं नव्हतं. त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते हेच, वहिनी. आता मी म्हणू, की ते सडकं आहे?"

"आणि परत कधी येशील?"

ती पिशवीतली दुपटी काढून पुन्हा घडी घालायला लागली. त्यावरून मला कळलं, की ही येणार नाही. पोरीला पुन्हा त्या खोलीत ठेवायचं नाही, आणि का ते सांगायचं नाही, म्हणजे यायचंच नाही. वर्षातून एकदा दिवाळीला फराळाचा डबा येईल, तोही गेटपर्यंत.

माझ्याच्याने राहवेना. बोलणं बंद होतं ते गेलं खड्ड्यात. मी सरळ समोर गेले. काका सोफ्यावर बसले होते.

"काका, नीलूची सासू धडधाकट आहे. नीलू जातेय ती तुमच्या एसीमुळे, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतेय. माझ्यावर काय चिडायचं ते नंतर चिडा. आधी ते मशीन उघडून बघा."

मला वाटलं, आता बोंबील निघणार. पण काका उठले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बेडरूममध्ये गेले. काकू, नीलू, मी, सगळ्या मागे. पोर काकूंच्या खांद्यावर खोकत होती. काकांनी स्वस्तिकाची जाळी काढली. आतली गाळणी काढली. आणि मागे हात घालून कडेचा स्पंज ओढला.

सुट्टीत शाळेच्या कपाटात राहिलेला डबा मी एकदा उघडला होता. त्यातल्या पोळीची आठवण झाली. स्पंज काळाठिक्कर, त्यावर हिरवट लव, खालच्या पन्हाळीत बुळबुळीत पाणी. वास असा सुटला की नीलूने पोरीला ओढून बाहेर नेलं. काकांनी आपली काळी बोटं नाकाजवळ नेली. बराच वेळ तशीच धरली.

"हाच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "म्हणजे साहेबांकडेसुद्धा हेच होतं?"

फार वाईट वाटलं मला त्या क्षणी. जन्मभर ज्याचा हेवा केला ती ही बुरशी.

बाहेर पोर पुन्हा खोकली. काका एकदम हलले. "काढा हा इथून," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी एसी ओढायला लागले. "अहो, कंबर!" काकू ओरडल्या. ते धूड काही एका माणसाचं काम नव्हतं. पण पुरुषमाणूस कुठून आणायचा? माझा नवरा ऑफिसात, वरचे खालचे सगळे सातच्या पुढे येणार. काकांनी अर्धवट बाहेर आलेला एसी छातीने धरून ठेवला होता. तेवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. तो रोजच्यासारखा आला होता.

काकांनी मला खूण केली, इकडे धरा. मी धरला, अर्धा मिनिट कसाबसा. काका गॅलरीत गेले. खाली वाकून बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. हाक कशी मारायची, हाच प्रश्न असणार. दोन वर्षांत त्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. शेवटी ओरडले,

"ओ स्कूटरवाले! जरा वर या! लवकर!"

हितेश दोन-दोन पायऱ्या चढत आला. त्याला वाटलं, पोरीला काही झालं. दारात येऊन थबकला, चपला काढल्या, आत यायचं की नाही म्हणून उंबऱ्यातच उभा. "या हो आत, माझे हात तुटतायत!" मी ओरडले. मग तो धावला.

"पपा, तुमी तिकडून पकडा, मी हिकडून पकडतो. सोडू नका हां."

"मी कशाला सोडतोय? तुम्ही सांभाळा."

दोघांनी तो एसी खिडकीतून सोडवला. एका बाजूला काका, एका बाजूला हितेश, मधे ते ओझं, आणि दोघांची तोंडं समोरासमोर. टेकवायला जागा नाही, त्यामुळे नजर चुकवायचीही सोय नाही. काळं पाणी दोघांच्या शर्टांवर ओघळत होतं. पावलं मोजत ते बाहेर आले आणि आमच्या दोन दारांच्या मधे, मी टाकलेल्या गोणपाटावर, त्यांनी तो ठेवला.

नंतरचं सगळं आम्ही त्या पॅसेजमध्येच केलं. स्पंज खरवडून फेकला. मी सोड्याचं गरम पाणी दिलं, हितेश जुन्या ब्रशने पन्हाळ घासत होता, काका मोटरवर फडकं धरून "पाणी उडवू नका, तिकडे नको, तिकडे नको" करत होते. पुढे तो एसी उन्हात खडखडीत वाळवून परत बसवला आणि दर पंधरा दिवसांनी ते दोघे त्याची गाळणी धुवायचे, भांडायचेसुद्धा त्यावरून. त्या संध्याकाळी मात्र खिडकीत नुसतं चौकोनी भोक होतं, आणि नीलू पोरीला घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

काम आवरलं तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. लेकीच्या संसाराला दोन वर्षं होऊन गेली आणि जावई आज पहिल्यांदा घरात. बाईने ट्रेमध्ये सोनेरी काठाचे कप काढले होते, बश्यांसकट, आणि हितेशपुढे धरले.

"ते आत ठेव," काका म्हणाले. "ते पाहुण्यांचे आहेत."

काकूंचा चेहरा उतरला. हितेशने पुढे केलेला हात मागे घेतला. उंबऱ्यात येऊन बसलेली नीलू उठून उभी राहिली. मला तर असा संताप आला, की मनात म्हटलं, आता ह्या म्हाताऱ्याला मी काय ते ऐकवतेच.

पण काका आत गेले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन हातांत घरातले रोजचे दोन कप होते, एकाचा कान गेलेला. ट्रेमधला चहा त्यांनी स्वतः त्यांत ओतला. कान गेलेला स्वतःला घेतला, दुसरा हितेशच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

"उजवीकडून पी रे," ते म्हणाले. "डावीकडे टवका उडालाय."

नीलूने तोंडावर पदर घेतला. मला तर काही दिसेचना. हितेशने कप फिरवला आणि उजवीकडून प्यायला.